साडभाऊंचा उत्तर ध्रुव

अमरावतीला अकरावी-बारावीच्या मुलांना मी भौतिकशास्त्र शिकवत असे. चुंबकीय द्विध्रुवाचा धडा निवृत्त होईपर्यंत दरवर्षी शिकवला, आणि माझ्याच तोंडाने सांगायचं तर बरा शिकवला. फळ्यावर आधी आडवा चुंबक काढायचा. मग त्याच्या एका टोकातून निघून, मोठा वळसा घालून दुसऱ्या टोकात शिरणाऱ्या रेषा काढायच्या. मागच्या बाकावरची मुलं त्या आकृतीला 'सरांचं वांगं' म्हणत. चुंबक मधोमध तोडला तर एका हातात उत्तर ध्रुव आणि दुसऱ्या हातात दक्षिण ध्रुव येत नाही, दोन्ही तुकड्यांना पुन्हा दोन-दोन ध्रुव फुटतात, हे सांगितलं की मागचे बाकही फळ्याकडे पाहत. परीक्षा झाली की बहुतेक जण सगळं विसरत. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

हाच धडा मी एका माणसाला मुद्दाम चुकीचा शिकवला. त्याने मात्र तो एवढा पक्का धरून ठेवला की या उन्हाळ्यात त्याचा पाय जायची वेळ आली. तो माणूस म्हणजे माझा साडू. आमच्याकडे साडभाऊ म्हणतात.

साडभाऊंची वरूडला संत्र्याची बाग आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान, म्हणजे सासरी मोठे जावई. मोठ्या जावयाला पहिला पाट, पहिलं पान आणि कूलरसमोरची जागा. पाटाचं मला कधी काही वाटलं नाही. वाद कूलरचा होता.

आमची सासुरवाडी अकोल्याची. ही गोष्ट घडली त्या वर्षी धोंड्याचा महिना ज्येष्ठात आला होता, म्हणजे ऐन उन्हात. अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वर तूप वाढायचं, आणि जावयाने नको म्हटलं की आणखी वाढायचं, अशी रीत. आम्ही दोघं जावई सहकुटुंब हजर झालो. जेवणं झाल्यावर दोघांना समोरच्या खोलीत गाद्या टाकून दिल्या. खोलीत एकच पत्र्याचा कूलर, उत्तरेच्या खिडकीत. एक गादी त्याच्या तोंडाशी आणि दुसरी पार दक्षिणेच्या भिंतीला. तोंडाशी साडभाऊ, भिंतीला मी. त्यात साडभाऊंचा देह पहिल्यापासून ऐसपैस. ते कुशीवर झाले की वाळ्याच्या ताट्यांमधून येणारा सगळा गारवा त्यांच्या पाठीवर अडायचा. माझ्यापर्यंत नुसता आवाज यायचा.

साडभाऊ डोकं कूलरकडे करून झोपायचे, म्हणजे डोकं उत्तरेला आणि पाय दक्षिणेला. सासूबाईंना ते खपेना.

"जावईबापू, दक्षिणेकडे पाय नका करू. तिकडे यम राह्यते."

"आई," साडभाऊ डोळे न उघडता म्हणाले, "या उनात यम अकोल्याले कायले येईन? त्याचा रेडा वाशिमलेच बसून जाईन."

देवधर्म, अंगारे, मुहूर्त कशालाच साडभाऊ भीक घालत नसत. मॅट्रिकला ते विज्ञानात नापास झाले होते, त्यामुळे जगात त्यांना एका विज्ञानाचाच धाक होता. ही गोष्ट मला ठाऊक होती, आणि मी तिचा फायदा घेतला.

"यमाचं सोडा भाऊ," मी भिंतीकडून म्हणालो, "पन विज्ञानाच्या हिशेबानं हे बराबर नाही."

साडभाऊंनी एक डोळा उघडला. "काहून?"

"मानसाचं शरीर म्हनजे एक चुंबक. द्विध्रुव. डोकं उत्तर ध्रुव, पाय दक्षिण ध्रुव. अन् पृथ्वी म्हनजे मोठं चुंबक. उत्तरेसमोर उत्तर आलं तं काय होते?"

"काय होते?"

"रेटारेटी. झोपेभर डोक्यातलं रक्त मागं सरकत राह्यते."

साडभाऊ उठून बसले. "म्हनून मले उठल्यावर डोकं जड लागते का मास्तर?"

तुपात बुडवलेले किती धोंडे त्यांच्या पोटात गेले होते ते मी समोर बसून पाहिलं होतं. "म्हनूनच," मी म्हणालो.

"मंग कसं झोपू?"

"डोकं दक्षिणेले करा. अन् उत्तरेपासून जितकं दूर, तितकं चांगलं. चुंबकाचा जोर अंतरानं झपाट्यानं कमी होते."

पृथ्वी चुंबक आहे हे सोडलं तर त्या दुपारी मी बोललेलं हे एकमेव खरं वाक्य. पण पृथ्वीच्या ध्रुवापासून माणसाला एका गादीवरून दुसऱ्या गादीवर नेऊन काय वाचवणार, हे साडभाऊंनी विचारलं नाही. ते उशी काखेत मारून निघाले आणि माझ्या जागेवर आले. डोकं भिंतीला, पाय कूलरकडे.

"अन् तुमी?"

"मी आडवा झोपतो. पूर्व-पश्चिम. आडव्याले काही होत नाही."

हे तर धडधडीत खोटं होतं. क्षेत्रात आडव्या ठेवलेल्या द्विध्रुवालाच सगळ्यांत जास्त पीळ बसतो. माझा सिद्धांत खरा असता तर मी त्या गादीवर पंख्यासारखा फिरलो असतो. फिरलो नाही. कूलरच्या तोंडाशी आडवा पसरलो आणि असा झोपलो की चहाला दोनदा उठवावं लागलं. साडभाऊंच्या वाट्याला आला तो माझ्या अंगावरून उरलेला वारा, तोही फक्त पायांना. सासूबाई वेगळ्याच खुशीत होत्या. मोठ्या जावयाचे पाय एकदाचे यमाच्या दिशेवरून हलले होते.

संध्याकाळी साडभाऊ मान इकडेतिकडे फिरवून म्हणाले, "मास्तर, डोकं निरा कापसावानी हलकं झालं." मी हसलो. तेव्हाच 'गंमत केली हो' म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण दुसऱ्या दिवशीही दुपार होणार होती.

सुट्टी संपून शाळा लागली. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा धडा चालू असताना एका मुलीने हात वर केला. "सर, सुईचं उत्तर टोक उत्तरेकडे ओढलं जातं, म्हणजे तिकडे दक्षिण ध्रुव पाहिजे ना?" मी म्हणालो, "शाबास. पृथ्वीच्या उत्तरेला चुंबकाचा दक्षिण ध्रुव आहे. नाव देताना घोळ झाला, तो तसाच राहिला." हे सांगता सांगताच मला अकोल्याची दुपार आठवली. साडभाऊंचं डोकं उत्तर ध्रुव मानलं, तरी उत्तरेकडे डोकं करून झोपणं हीच त्यांची सुईसारखी, स्वस्थ, नैसर्गिक अवस्था ठरत होती. मी खोटं बोललो होतो, आणि तेही उलटं.

पुढे साडभाऊंनी वरूडला घर बांधलं आणि वास्तुशांतीला मला खास बोलावलं. मी भेट म्हणून एक छानसं होकायंत्र नेलं. ते का नेलं, याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे आजही नाही. साडभाऊंनी चार पाहुण्यांदेखत ते माझ्या हातात देऊन मला झोपायच्या खोलीत नेलं.

"मास्तर, तुमीच सांगा. पलंग कसा टाकू?"

पलंग आधीच टाकलेला होता, बागेकडच्या उत्तरेच्या खिडकीला उशी लावून. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, दारात उभी होती. "राहू द्या ना असाच," ती म्हणाली, "सकाळी डोये उघडले का झाडं दिसतीन. बहार आला का वास येईन."

सगळे माझ्याकडे पाहत होते. सुई थरथरून स्थिर झाली. मी म्हणालो, "फिरवा." पलंग फिरला. उत्तरेपासून दूर हवा म्हणून तो पार आतल्या भिंतीला भिडवला, आणि खिडकीत संत्र्याच्या रिकाम्या पेट्या येऊन बसल्या. त्या दिवसापासून ताईला सकाळी डोळे उघडले की भिंतीचा चुना दिसतो.

त्यानंतर साडभाऊ थांबलेच नाहीत. होकायंत्र त्यांच्या बंडीच्या खिशात कायम. बागेतल्या शेडमध्ये संत्री भरणारे मजूर दुपारी आडवे झाले की साडभाऊ त्यांना एका दिशेला लावून घेत, पेटीत फळं लावावी तसे. लग्नात वरपक्षाच्या जानोशात शिरून गाद्या तपासत. एकदा त्यांनी नवरदेवाच्या आजोबांना गाढ झोपेतून उठवून फिरवलं होतं. कुणी शंका घेतली की म्हणत, "आमचे साडभाऊ अमरावतीले फिजिक्सचे मास्तर हायेत. त्याहीले इचारा." लोक मला विचारत. मी म्हणे, "विषय जरा खोल आहे." लोकांना तेवढं पुरे.

खरं सांगायचं मनात फार येई. पण साडभाऊ दर हंगामात निवडक संत्र्यांची पेटी पाठवत. सोलायला बसलं की पहिल्या फोडीबरोबर माझा निश्चय ढिला पडे.

या उन्हाळ्यात ताईचा फोन आला.

"भाऊजी, याहीची चप्पल हरवून राहिली."

मी म्हणालो, नवी घ्या.

"नवीच हाये. उजव्या पायातली निघून जाते अन् याहीले समजत नाही. बागेतून येतात तं एका पायात चप्पल, एक पाय धुयीत. मजूर मांगून चप्पल घेऊन येतात. म्हनतात, ढिली हाये."

अमरावतीच्या डॉक्टरांनी पाय तपासला. पाठीच्या मणक्यात नस दबली असावी, म्हणाले, पण आत काय आहे ते एमआरआय केल्याशिवाय कळणार नाही, आणि उशीर केला तर पाऊल लटकं पडून कायमचं तसंच राहील. बागायतदाराला पाऊल म्हणजे काय ते डॉक्टरांना सांगावं लागलं नाही. साडभाऊ लगेच तयार झाले. फक्त जाता जाता त्यांनी विचारलं, "हे मशीन चालते कायच्यावर?" आणि डॉक्टर म्हणाले, "चुंबकावर. फार मोठं चुंबक असतं."

तिथे साडभाऊंनी पाय मागे घेतला.

माझी बायको म्हणाली, "तुमीच समजावा त्याहीले. तुमचंच आयकतात." तिला आतलं काही माहीत नव्हतं. मी सदरा चढवला आणि निघालो.

ताईने साडभाऊंना कसंबसं एमआरआयच्या ठिकाणी आणून बाकावर बसवलं होतं, शेजारी ती. मशीनवर काम करणारी मुलगी आली आणि एकेक विचारू लागली. अंगात कुठे धातू आहे का, हृदयाला यंत्र बसवलंय का, हाडात सळई घातलीय का. साडभाऊ सगळ्याला नाही म्हणाले. मग त्यांनी तिला विचारलं, "बाई, मशीनचं उत्तर कोनीकडे हाये?"

"उत्तर संध्याकाळी मिळेल काका."

साडभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अन् दिवसा?"

"दिवसा नाही. डॉक्टर संध्याकाळी येतात ना."

"म्हनजे उत्तर डॉक्टर ठरोतात?"

"तेच पाहून लिहून देतात," ती म्हणाली आणि आत गेली.

ज्या मशीनचं उत्तर दिवसा नसतंच आणि संध्याकाळी डॉक्टर ते ठरवतात, त्यात त्यांना डोकं घालायचं होतं. त्यांनी बंडीतून होकायंत्र काढलं आणि चार पावलं पुढे, मशीनच्या दारापाशी जाऊन तळहातावर धरलं. सुई सरळ दाराकडे वळली.

"पाहा! वरूड तिकडे," त्यांनी मागे उत्तरेकडे बोट केलं, "अन् हे दारात पाहून राहिलं. मास्तर, यानं उत्तर ओढून घेतलं! आपल्या डोक्याचं काय करीन?"

आतून मुलगी ओरडली, "काका, ते आत आणू नका, उडेल ते!"

तेवढं पुरलं. साडभाऊ तरातरा बाहेर निघाले. उजवी चप्पल तिथेच राहिली. मी ती उचलली आणि मागे धावलो.

रस्त्यापलीकडे कडुलिंबाखाली चहाची टपरी होती. साडभाऊ बाकड्यावर टेकले होते, उजवा पाय उघडा, धुळीत. मी चप्पल त्यांच्या पायापुढे ठेवली आणि मांडीला मांडी लावून बसलो. चहा आला. मी म्हणालो, "भाऊ, ते अकोल्याचं खोटं होतं."

"कोनतं?"

"डोक्याचं. डोकं उत्तर ध्रुव, पाय दक्षिण ध्रुव. तसं काही राह्यत नाही. मी बनवून सांगतलं होतं."

साडभाऊंनी बशीत चहा ओतला, फुंकला, प्याले. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "हिनं शिकवलं ना तुमाले असं बोलाले?"

"नाही हो. खरं सांगून राहिलो."

"मास्तर, तुमी चांगले मानूस हा. माह्या पायासाठी खोटं बोलून राहिले. पन विज्ञान बदलते का असं?"

याची मी तयारी केली नव्हती. किती वर्षं मनात घोळवलेली कबुली एकदाची तोंडाबाहेर पडली, आणि समोरच्याने ती प्रेमाने परत केली.

मग मी मास्तर झालो. दुसरं काही मला येतही नाही. "होकायंत्र काढा," मी म्हणालो. त्यांनी काढलं. सुई आता मुकाट्याने उत्तरेला, वरूडच्या अंगाला पाहत होती.

"आता काहून सुधारली?"

"दूर आलो म्हणून. तिकडे आपल्या दोघींचं, ताईचं अन् माझ्या बायकोचं बोलणं चालू असलं, एक हो म्हणते अन् एक नाही, तं जवळ बसलेल्याले कोण काय म्हनते ते बराबर आयकू येते. अंगनाच्या बाहेर उभं राहा, एकीचं दुसरीत मिटून जाते. चुंबकाचे दोन ध्रुव तसेच. दूर गेलं की एकमेकांचं खोडतात. अंतर दुप्पट केलं तं जोर निम्मा नाही होत, आठवा हिस्सा राह्यते. रस्ता ओलांडला, संपलं."

"बरं. डोक्याचं बोला."

मी होकायंत्र त्यांच्या डोक्याजवळ नेलं. टाळूजवळ, कानाजवळ, मानेमागे. चहावाला भांडं तसंच धरून पाहत राहिला. सुई ढिम्म. "आहे का ध्रुव?" मी विचारलं आणि विजयाने हात खाली आणला. छातीजवळ येताच सुई गर्रकन फिरली.

"पाह्यलं!" साडभाऊ बाकड्यावरून उठलेच. "ध्रुव हाये! खाली सरकला फक्त!"

तेवढ्यात त्यांच्या सदऱ्याच्या खिशातला मोबाइल वाजला. ताईच होती, कुठे गेले विचारायला. साडभाऊंनी मोबाइल काढून कानाला लावला, आणि माझ्या हातातली सुई मोबाइलच्या मागे मागे वर गेली. आम्ही दोघांनीही ते पाहिलं.

"याच्यात चुंबक राह्यते," मी म्हणालो. "आवाजाच्या डबीत."

साडभाऊंनी मोबाइल चहाच्या ओट्यावर लांब ठेवला. स्वतःच होकायंत्र छातीवर धरलं. मग पोटावर, मग डोक्यावर.

"म्हनजे मानसात चुंबक नाहीच?"

इथे खोटं बोलून सुटता आलं असतं. पण खरं अडचणीचं होतं. "आहे," मी म्हणालो. "पण तसं नाही. अंगातल्या पाण्याच्या कणाकणात अगदी बारीक चुंबक आहेत, मोजता येणार नाहीत इतके. तुमच्या संत्र्याच्या मंडीत गर्दी राह्यते ना? सगळ्यांची तोंडं सगळीकडे. तशी त्यांची तोंडं. म्हणून एकूण जोर शून्य, सुई हलत नाही. मशीन काय करते, तं बोली लावणारा ओरडल्यासारखं करते. सगळे वळत नाहीत. थोडेसे जास्तीचे तेवढे एका बाजूला होतात. मशीन त्यांना हलकासा धक्का देते, ते पुन्हा जागेवर येताना खूण देतात. त्या खुणांवरून आतली नस दिसते. ना दुखत, ना काही सरकत."

"म्हनजे चुंबक हायेच. तुमी अर्धं खरं बोलले होते."

"चुकून."

"मंग बाकी अर्धं खोटं काहून बोलले?"

मी चहाचा रिकामा कप पाहत म्हणालो, "कूलरसाठी."

"कूलर?"

"अकोल्याचा. तुमी त्याच्या तोंडाशी झोपत होते. मले वारा येत नव्हता."

साडभाऊंच्या चेहऱ्यावर ती दुपार हळूहळू परत येताना मला दिसली. गाद्या, भिंत, उशी काखेत. "अन् तुमी आडवे झोपले होते," ते म्हणाले.

"हो."

"आडव्याले काही होत नाही म्हने!"

"आडव्यालेच जास्ती होते."

मग सुरुवात झाली. "त्या जानोशात मी नवरदेवाच्या बुढ्याले झोपेतून उठोलं! लोक हासत होते, मी म्हटलं, हासा, विज्ञान हाये! मजुरायले शिव्या देल्ल्या मी, डोकं सरळ करा म्हनून! अन् हिची खिडकी..." खिडकीपाशी आल्यावर ते थांबले. रस्त्यापलीकडे पाहिलं. ताई दारात उभी राहून कपाळावर हात धरून आम्हाला शोधत होती.

"मांगायचा होता ना कूलर," साडभाऊ एकदम हळू म्हणाले. "मोठा जावई होतो, कसाई नव्हतो. देल्ला नसता का मी?"

दिला असता. वर चार टोमणे मारले असते, अन् दिला असता. एवढ्या वर्षांत हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

साडभाऊंनी हात टेकून पाय उचलला, चप्पल पाहिली आणि नजरेने नेम धरून पाऊल आत सारलं. "आता मले सांगा," ते म्हणाले, "तवा खोटं बोलले, मी मानलं. आता म्हनता आत काही होत नाही. हे खरं कशावरून?"

"मी येतो संगं. आत. मशीनजवळ उभा राह्यतो."

साडभाऊंनी मला वरून खाली पाहिलं. मग म्हणाले, "अन् हे सगळं लिहून द्यायचं. छापून आलं पाहिजे. तोंडानं सांगतलं तं कोनी आयकनार नाही, विज्ञानाच्या इरोधात हाये म्हनतीन. अन् हिले खिडकीचं तुमी सांगान, मी नाही."

मी कबूल झालो.

मुलीने मलाही तेच प्रश्न विचारले आणि धातू काढून ठेवायला लावला. घड्याळ, किल्ल्या, पट्टा, आणि शेवटी तारेचा आकडा असलेली माझी दातांची कवळी. होकायंत्र आणि कवळी ताईच्या ओंजळीत ठेवून, एका हाताने पँट धरून मी साडभाऊंच्या मागे आत गेलो. त्यांना फळीवर निजवलं. फळी सरकून डोकं नळीत गेलं, पावलं तेवढी बाहेर.

"मास्तर," आतून आवाज आला, "कोनीकडे उभे हा?"

"पायाशी," मी बोळक्या तोंडाने म्हणालो.

"दक्षिण ध्रुवाशी?"

"हो."

आतून हसल्याचा आवाज आला. मी मोकळ्या हाताने त्यांचं उजवं पाऊल धरलं. मग मशीन धडधडायला लागलं, आणि ते थांबेपर्यंत मी तसाच उभा होतो. बाहेर आल्यावर मी विचारलं, पाय धरला होता, धीर आला का? साडभाऊ म्हणाले, "धरला होता?"

नस दबलेलीच निघाली. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आमचं काम झालं, आता पायात जाण परत येते की नाही हे पाहायचं. प्रवास नको म्हणून साडभाऊ-ताई आमच्याकडेच अमरावतीला राहिले. पहिल्याच दिवशी ताईला खिडकीचं सांगितलं. तिने सगळं ऐकलं. पोळी तव्यावर होती, ती उलटली, आणि म्हणाली, "भाऊजी, वरूडले गेल्यावर पलंग तुमीच फिरवून द्यान. एकल्यानं."

आमच्याही समोरच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीत कूलर आहे. मी साडभाऊंची खाट त्याच्या तोंडाशी लावली, उशी कूलरकडे ठेवली, आणि माझी गादी नेऊन भिंतीला टाकली. साडभाऊ काठी टेकत आले, उशी उचलली आणि उलट्या टोकाला टाकली.

"भाऊ, आता तं खरं समजलं ना?"

"समजलं. पन झोप येत नाही तसं. तुमी लावली सवय, आता आखरीपर्यंत ठेवतो."

डोकं दक्षिणेला, पाय कूलरकडे. मी भिंतीशी घामाघूम पडून राहिलो, आणि मला ते बरं वाटत होतं. काही दिवस असेच गेले. रोज दुपारी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी त्यांच्या तळव्याला बोट लावून विचारायचो, आणि ते नाही म्हणायचे. मग दोघंही छताकडे पाहत पडायचो.

एका दुपारी मला डुलकी लागली होती. साडभाऊंची हाक आली.

"मास्तर."

"काय हो?"

"तुमच्या कूलरचं पानी भल्लं थंडं हाये का आज?"

"रोजचंच आहे. काहून?"

मी उठून बसलो. उजव्या पायाचा अंगठा किंचित आत वळला होता, थंडीत वळतो तसा.

"उजव्या पायाले गार लागून राहिलं," ते म्हणाले.

मी कूलरच्या बटणापाशी गेलो. हात बटणावर ठेवून विचारलं, "बंद करू?"

"खबरदार," साडभाऊ म्हणाले. "लागू द्या."